संशयी थॉमसची टेकडी

आधीच सांगते, माझं शिक्षण पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखन तपासायला ही वही मेसच्या काकूंपासून मराठी विभागाच्या संपादकांपर्यंत सगळ्यांकडे फिरून आली आहे. तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. पण याच कॉन्व्हेंटमुळे या लेखाचा विषय मला सुचला. आमच्या मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. त्यात मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस म्हणजे ‘डाउटिंग थॉमस’, संशयी थॉमस.

येशू पुन्हा जिवंत झाला असं बाकीचे शिष्य सांगत होते. थॉमस म्हणाला की त्याच्या हातावरच्या खिळ्यांच्या खुणा मी डोळ्यांनी बघेन, जखमेला हात लावून बघेन, तेव्हाच विश्वास ठेवेन. योहानच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. मला तेव्हाही वाटायचं, यात याचं काय चुकलं? त्याने पुरावाच तर मागितला! आपल्या व्हायवाला एक्स्टर्नल हेच करतात.

आमची थर्ड इयर सिव्हिलची इंडस्ट्रियल व्हिजिट चेन्नईला होती. शेवटचा अर्धा दिवस मोकळा मिळाला. बरीच मंडळी मरीना बीचवर गेली आणि आम्ही पाच जण लोकल ट्रेनने सेंट थॉमस माउंटला गेलो. परंपरेनुसार हाच संशयी थॉमस भारतात आला आणि या टेकडीवर मारला गेला. तिथे जे बघितलं आणि परत आल्यावर लायब्ररीत बसून जे वाचलं, ते अभ्यासाच्या दृष्टीने इथे मांडते. विषय देवळा-चर्चचा वाटेल, पण शेवटी गाडी सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलवर येणार आहे. तेव्हा सेकंड इयरवाल्यांनी पान उलटू नये.

टेकडीची ओळख

चेन्नईच्या दक्षिणेला, विमानतळाच्या जवळ ही टेकडी आहे. उंची साधारण ३०० फूट. आपल्याकडचे गडकिल्ले चढलेल्याला ती फारच लहान वाटेल, पण आजूबाजूचा मुलूख सपाट असल्यामुळे ती लांबून दिसते. तमिळमध्ये तिला परंगीमलै म्हणतात. मलै म्हणजे डोंगर आणि परंगी म्हणजे आपला ‘फिरंगी’! हा शब्द ओळखल्यावर फार गंमत वाटली. इथले फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. त्यांनी १५२३ मध्ये माथ्यावर चर्च बांधलं. ‘अवर लेडी ऑफ एक्स्पेक्टेशन’ म्हणजे बाळाची वाट पाहणारी मारियामाता, हे त्या चर्चचं नाव. तिचा सण १८ डिसेंबरला, नाताळच्या एक आठवडा आधी असतो.

वर जायला गाडीरस्ता आहे, पण आम्ही पायऱ्यांनी गेलो. पायऱ्या शंभराच्या वर आहेत आणि त्यांना स्वतःचा इतिहास आहे. अठराव्या शतकात मद्रासमध्ये खोजा पेत्रुस उस्कान नावाचा एक श्रीमंत आर्मेनियन व्यापारी होता. त्याने या पायऱ्या स्वखर्चाने बांधून घेतल्या. शहरातून इकडे येताना अडयार नदी आडवी येते, म्हणून १७२६ मध्ये तिच्यावर मार्मलाँग पूलही त्यानेच बांधवला. आज त्या जागी नवा मरैमलै अडिगल पूल आहे. मला विशेष वाटलं ते हे की, त्याने पुढच्या देखभालीसाठीही पैसे बाजूला ठेवले होते. मेंटेनन्सचा विचार करून पैसे देणारा दाता तीनशे वर्षांपूर्वी होता, ही सिव्हिलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

माथ्यावरचं चर्च लहानसंच आहे. पांढऱ्या भिंती, आत गारवा, समोर वेदी. मुख्य वेदीच्या वर, भिंतीत बसवलेला एक दगडी क्रूस आहे. आमचा वाद तिथून सुरू झाला.

वादाला तोंड फुटलं

सांगितलं जातं ते असं. इसवी सन ५२ मध्ये थॉमस केरळच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे तो मैलापूरला, म्हणजे आजच्या चेन्नईत आला आणि ७२ साली या टेकडीवर भाल्याने मारला गेला. हा क्रूस त्याने स्वतः दगडात कोरला होता. १५५८ मध्ये १८ डिसेंबरलाच, प्रार्थना चालू असताना, या क्रूसावर रक्ताचे थेंब दिसले आणि पुढे १७०४ पर्यंत असं अनेकदा झालं. वेदीजवळचं मारियामातेचं जुनं चित्र संत लूकने काढलं, असंही मानतात.

आमच्यातला एक जण पटकन म्हणाला, “सगळ्या स्टोऱ्या आहेत रे. टूरिस्ट यावेत म्हणून.” तो हे जरा मोठ्यानेच बोलला. आमच्याबरोबर माझी रूममेट होती, ती वसईची, कॅथलिक. ती काहीच बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, “अगं, माझी आजी दर वर्षी ३ जुलैला थॉमसचा सण पाळायची. ती काय टूरिस्ट होती?”

मला दोघांचंही पूर्ण पटत नव्हतं. आजी मनापासून मानायची म्हणून गोष्ट खरी ठरत नाही आणि आपल्याला पटली नाही म्हणून ती थाप ठरत नाही. दोन्हीकडून निकाल आधी लागलेला आणि तपासणी नंतर! मग आम्ही कट्ट्यावर बसलो आणि मी रफ वहीत तीन रकाने आखले: काय म्हटलं आहे, कशाच्या आधारावर, आणि तो आधार किती वजन पेलतो. थोडक्यात, लोड आणि सपोर्टचाच हिशेब. त्या दिवशी रकाने अर्धेच भरले, बाकीचे परत आल्यावर भरले. त्यातल्या तीन नोंदी देते.

नोंद पहिली : गोष्टीतला राजा

थॉमस भारतात आल्याची सगळ्यात जुनी सविस्तर गोष्ट ‘अॅक्ट्स ऑफ थॉमस’ या ग्रंथात आहे. तो साधारण तिसऱ्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर दीडएकशे वर्षांनी लिहिलेला. त्यात थॉमस चक्क आपल्या लाइनचा माणूस आहे! तो सुतार आणि बांधकामातला जाणकार. गोंडोफरीस नावाचा भारतातला राजा त्याला राजवाडा बांधायला पैसे देतो. थॉमस ते सगळे गरिबांना वाटून टाकतो आणि विचारल्यावर सांगतो की, महाराज, तुमचा वाडा स्वर्गात बांधून तयार आहे. (आपण सबमिशनला असं उत्तर देऊन बघावं!) म्हणूनच थॉमसला वास्तुविशारदांचा आणि बांधकाम करणाऱ्यांचा संत मानतात आणि बऱ्याच चित्रांत त्याच्या हातात गुण्या दाखवतात.

हा गोंडोफरीस कोण, याचा पत्ता इतिहासात कित्येक शतकं लागत नव्हता. त्यामुळे राजा काल्पनिक, म्हणजे गोष्टही काल्पनिक, असं म्हणणं सोपं होतं. पण १८३० च्या दशकात अफगाणिस्तानात जुनी नाणी सापडायला लागली आणि त्यांच्यावर या राजाचं नाव निघालं. पुढे पेशावरकडे तख्त-ए-बाही इथला शिलालेखही मिळाला. राजा खरा होता, पहिल्या शतकातला होता आणि वायव्येकडे राज्य करत होता.

यातून थॉमस आला हे सिद्ध होतं का? नाही. राजा होता एवढंच सिद्ध होतं. शिवाय त्याचं राज्य वायव्येला आणि ही टेकडी मद्रासला, मधे अख्खा देश आहे. पण जी गोष्ट ‘स्टोरी’ म्हणून बाजूला टाकली होती, तिच्यात एक खरा धागा निघाला. आमच्या ‘सगळ्या स्टोऱ्या’वाल्याला हा पहिला धडा.

नोंद दुसरी : क्रूसावरची अक्षरं

१५४७ मध्ये बांधकामासाठी पाया खणताना हा क्रूस सापडला. त्याच्याभोवती कमानीसारख्या वळणात अक्षरं कोरलेली आहेत. ती कोणालाच वाचता येईनात. १५६१ च्या सुमाराला एका विद्वान ब्राह्मणाला बोलावण्यात आलं. त्याने त्या थोड्याशा अक्षरांतून थॉमसच्या येण्याचा आणि मृत्यूचा लांबलचक वृत्तांत वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांना जे ऐकायचं होतं, नेमकं तेच निघालं. सगळे खूश झाले आणि जवळजवळ तीनशे वर्षं तोच अर्थ पुस्तकांत फिरत राहिला.

१८७३ मध्ये आर्थर बर्नेल या अभ्यासकाने त्या अक्षरांवर निबंध छापला. (तंजावरच्या मराठा राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारा बर्नेल तो हाच.) त्याने दाखवलं की ही लिपी भारतीय नाहीच. ती पहलवी, म्हणजे जुन्या इराणची आहे, आणि लेख सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा असावा. म्हणजे हा क्रूस पहिल्या शतकातल्या थॉमसने कोरलेला नव्हे. तेव्हा इराणशी नातं असलेले ख्रिस्ती लोक या किनाऱ्यावर राहत होते, त्यांचा हा क्रूस. असेच लेख असलेले क्रूस केरळात कोट्टयमसारख्या ठिकाणी आहेत आणि २००१ मध्ये गोव्यात आगशीलाही एक सापडला.

मग त्यात लिहिलं काय आहे? बर्नेलनंतर अनेकांनी वाचन केलं. नावांबद्दल मतभेद आहेत, पण आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला आशय असा की, हे प्रभू, हा क्रूस ज्याने घडवला त्या अमक्याच्या मुलावर दया कर.

बस, एवढंच. संताचं चरित्र नाही, चमत्कार नाही. एका करणाऱ्याने आपल्या कामावर कोरून ठेवलेली विनंती.

हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीतून सरळ रूमवर गेले आणि रूममेटला सांगितलं. मला धाकधूक होती की तिला वाईट वाटेल, कारण यात तिच्या आजीच्या थॉमसचं नावच नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं लोक त्या दगडासमोर हात जोडत होते आणि तो बिचारा माणूस त्यांना सांगत होता, माझ्यासाठी पण मागा.” पुढच्या रविवारी ती चर्चला गेली तेव्हा त्या अनोळखी माणसासाठी मेणबत्ती लावून आली. तिच्या श्रद्धेला खऱ्या अर्थाने काही धक्का बसला नाही, उलट तिला प्रार्थनेसाठी एक माणूस मिळाला. हा दुसरा धडा आणि तो माझ्यासाठी होता: खरं सांगितल्याने श्रद्धा मोडेलच असं आपण बाहेरच्यांनी परस्पर ठरवू नये.

थॉमसच्या मृत्यूबद्दलही असंच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या किनाऱ्याचं वर्णन केलं आहे. त्याच्या गोष्टीत थॉमसला कोणी वैराने मारत नाही. मोरांची शिकार करणाऱ्याचा बाण चुकून त्याला लागतो. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वीही इथे थॉमसची आठवण होती, हे पक्कं. पण भाल्याची कथा आणि बाणाची कथा यांतली कुठली खरी, ते या आधारांवर ठरत नाही. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं: ‘आठवण जुनी, तपशील वेगवेगळे.’

नोंद तिसरी : साखळी

आता सर्व्हेइंग. चर्चच्या आवारात एका इंग्रजाचा अर्धपुतळा आहे, तो विल्यम लॅम्बटनचा. १० एप्रिल १८०२ रोजी याच टेकडीजवळच्या सपाट मैदानावर त्याने एक सरळ रेषा मोजायला सुरुवात केली आणि भारताचं महात्रिकोणमितीय सर्वेक्षण, म्हणजे ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’, सुरू झालं.

रेषेची लांबी साडेसात मैल, सुमारे १२ किलोमीटर. १०० फुटी पोलादी साखळीने ती मोजली. साखळी जमिनीवर टाकून ओढली नाही. तिवयांवर लाकडी पेट्या ठेवल्या, त्यांत साखळी एका पातळीत ठेवली, वर सावलीसाठी तंबू उभारले आणि बाजूला थर्मामीटर ठेवले. अशी साखळी सुमारे ४०० वेळा लावावी लागली. दिवस लागले ५७! आपण ग्राउंडवर चेन सर्व्हे एका प्रॅक्टिकलमध्ये ‘आटोपतो’, त्याच्याशी तुलना करून बघा.

एवढा खटाटोप कशाला? आकडा मांडू. पोलाद एक अंश सेल्सिअसला सुमारे ०.००१२ टक्के वाढतं, म्हणजे लाखात १.२ भाग. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. तापमानात १० अंशांचा फरक पडला तर एका साखळीत सुमारे ३.७ मिलिमीटरचा फरक पडतो. नखाएवढाही नाही, सोडून द्यावा असा. पण ४०० वेळा म्हटलं की जवळजवळ दीड मीटर होतो.

आणि गोष्ट तिथे थांबत नाही. त्रिकोणमापनात एकच बाजू प्रत्यक्ष मोजतात, मग फक्त कोन मोजत पुढे जातात आणि बाकीच्या बाजू साइन रूलने काढतात. पहिल्या त्रिकोणाची बाजू दुसऱ्याचा पाया, दुसऱ्याची तिसऱ्याचा. त्यामुळे पहिल्या रेषेत जेवढ्या प्रमाणात चूक, तेवढ्याच प्रमाणात ती शेवटच्या त्रिकोणात येते. हे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं आणि कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २४०० किलोमीटरची रेषा तयार झाली. वरचा दहा अंशांचा फरक दुरुस्त न करता सगळीकडे ओढत नेला असता तर एवढ्या अंतरात तो २८८ मीटर भरला असता. नखाएवढ्या फरकापासून पाव किलोमीटरच्या वर!

लॅम्बटन आपल्या मोजमापावरही आंधळा विश्वास ठेवत नव्हता. बंगळूरजवळ त्याने दुसरी रेषा मोजली आणि मद्रासहून त्रिकोणांनी काढलेल्या उत्तराशी ताडून पाहिली. फरक निघाला काही इंचांचा आणि तो त्याने नोंदवला. पुढे पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोण नेल्यावर कळलं की द्वीपकल्पाची रुंदी त्या वेळच्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी आहे. जुने नकाशे करणारेही खात्रीनेच बोलत असणार.

१८०८ मध्ये तंजावरला, सरफोजीराजांच्या काळात, त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. वर्तुळाकार पट्टीच वाकली. नवं यंत्र इंग्लंडहून यायला किती काळ लागला असता! तो कित्येक आठवडे एकटा बसून ती पट्टी जागेवर आणत राहिला. तेव्हाच्या रीडिंग्ज ‘अॅडजस्ट’ करणं त्याला सहज जमलं असतं. बघणारं कोण होतं?

मग काय शिकायचं?

इथे जरा स्पष्ट लिहिते, सरांनी आणि मॅडमनी वाचलं तरी चालेल. आपल्या हॉस्टेलमध्ये सीनियरची जर्नल्स खोल्याखोल्यांतून फिरतात हे गुपित नाही. क्लोजिंग एरर जास्त आला की मधलं एखादं रीडिंग बदलून तो बरोबर बसवायचा, याला ‘मॅनेज करणं’ असा गोड शब्दही आहे. आणि हेच आपण बाहेर गेलो की दुसऱ्याच्या श्रद्धेला ‘पुरावा दाखव’ म्हणतो!

त्या सोळाव्या शतकातल्या वाचनात आणि मॅनेज केलेल्या जर्नलमध्ये मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे समोर जे आहे ते वाचलेलं नाही, जे यायला हवं तेच वाचलेलं आहे. त्या वाचनाने तीनशे वर्षांत कोणाचं घर पडलं नाही. आपली रीडिंग्ज मात्र उद्या कालव्याच्या उताराला, पुलाच्या खांबाला आणि कोणाच्या तरी घराच्या पायाला लागणार आहेत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. कुठलीही गोष्ट ऐकली, वाचली, फॉरवर्डमध्ये आली किंवा यंत्राच्या पट्टीवर दिसली, तर तीन रकाने आखावेत. जे फक्त सांगितलं जातं, ते तसंच लिहावं आणि सांगणाऱ्याचा मान ठेवावा. जे दगडावर कोरलेलं आहे, ते ज्याला वाचता येतं त्याच्याकडून वाचून घ्यावं. जे मोजलं आहे, ते चुकीच्या मर्यादेसकट मांडावं. एका रकान्यातलं दुसऱ्यात ढकलू नये. थॉमसने आपल्या गुरूच्या बाबतीतही संशय लपवला नाही, हात पुढे केला आणि मग मान्य केलं. संशय घेणं म्हणजे अपमान नव्हे, पण तपासायचे कष्ट न घेता नुसतं हसणं हा अपमान आहे.

जाता जाता आपल्या भागातली एक माहिती. लॅम्बटन हे काम करत करत हैदराबादकडून नागपूरकडे येत होता आणि जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच वारला. कुठे, माहीत आहे? हिंगणघाटला, आपल्या वर्धा जिल्ह्यात. त्याची कबर तिथेच आहे. चेन्नईला जाणारी आपली गाडी याच हिंगणघाट स्टेशनवरून जाते. येत्या टर्ममध्ये सर्व्हे कॅम्पची जागा ठरवताना सरांनी हिंगणघाटचा विचार करावा, अशी आमच्या बॅचतर्फे नम्र विनंती. आणि कॅम्पमध्ये क्लोजिंग एरर जो येईल तो, जसाच्या तसा, जर्नलमध्ये लिहू द्यावा. त्याचे मार्क कापू नयेत.